सॅप व्हॅल्यू: आकडा काढायचा कसा आणि वापरायचा कसा

साबणीकरण मूल्य, रोजच्या बोलण्यातली सॅप व्हॅल्यू, याच्याशी आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे दोन प्रकारच्या लोकांचा संबंध येतो. एक म्हणजे बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला तेलाचा नमुना हातात मिळालेला विद्यार्थी. दुसऱ्या, घरगुती साबण करणाऱ्या बचत गटाच्या ताई. विद्यार्थी आकडा काढतो, जर्नलमध्ये लिहितो आणि त्याचं पुढे काय करायचं हे त्याला माहीत नसतं. ताईंना आकडा मोबाइलवर आयता मिळतो, पण तो कशाचा आणि कुठल्या मापात हे कुणी सांगितलेलं नसतं. मग तक्रार येते, ‘साबन हातले चावस.’

दोघांच्याही चुका बहुतेक एकाच जागी असतात. आकडा बरोबर असतो, पण तो कोणत्या अल्कलीचा (कॉस्टिक पोटॅश की कॉस्टिक सोडा), किती तेलाचा आणि नेमक्या कुठल्या तेलाचा, या तिन्हींपैकी एक गोष्ट सुटलेली असते. म्हणून आधी अर्थ, मग प्रयोगशाळेतलं काम आणि शेवटी साबणाचा हिशेब, याच क्रमाने जाऊ. ज्यांना टायट्रेशन, म्हणजे प्रयोगशाळेत थेंबाथेंबाने आम्ल सोडून केलेलं मोजमाप, करायचंच नाही त्यांनी टप्पा १ वाचून थेट टप्पा ४ वर यावं. टप्पा १ मात्र कुणीच गाळू नये.

टप्पा १: अर्थ पक्का करा

एक ग्रॅम तेलाचं पूर्ण साबणीकरण व्हायला, म्हणजे अल्कलीने त्याचा सगळा साबण व्हायला, जितके मिलिग्रॅम कॉस्टिक पोटॅश, म्हणजे पोटॅशियम हायड्रॉक्साइड, लागतं ती त्या तेलाची सॅप व्हॅल्यू. शेंगदाणा तेलाची १९० असेल तर एक ग्रॅम तेलाला १९० मिलिग्रॅम, आणि एक किलो तेलाला १९० ग्रॅम पोटॅश लागेल. वडीचा कडक साबण कॉस्टिक सोड्याने, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडने होतो. सॅप व्हॅल्यू मात्र जगभर पोटॅशमध्येच सांगतात. निम्मा घोळ इथेच होतो.

तेलागणिक आकडा का बदलतो? तेलाच्या प्रत्येक रेणूत ग्लिसरॉलला तीन मेदाम्लं जोडलेली असतात आणि प्रत्येक जोड तोडायला अल्कलीचा एक रेणू खर्ची पडतो. मेदाम्लाची साखळी आखूड असली की रेणू हलका, म्हणजे एक ग्रॅममध्ये रेणू जास्त आणि अल्कलीही जास्त. खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक आम्ल असतं, १२ कार्बनचं. शेंगदाणा, सरकी, तीळ यांच्यात मुख्यतः १८ कार्बनची आम्लं. म्हणून खोबरेल २५० च्या पुढे जातं आणि बाकीची १९० च्या आसपास राहतात.

नेहमीच्या तेलांच्या मर्यादा:

खोबरेल: २४८ ते २६५
सरकी: १८९ ते १९८
शेंगदाणा: १८७ ते १९६
तीळ: १८६ ते १९५
सूर्यफूल: १८८ ते १९४
एरंडेल: १७६ ते १८७

सॅप व्हॅल्यूचे दोन शेजारी आहेत आणि विद्यार्थी त्यांच्यात हमखास गोंधळतात. आम्लांक फक्त तेलातली सुटी मेदाम्लं मोजतो, म्हणजे तेल किती जुनं किंवा खराब झालंय ते. आयोडीन मूल्य असंपृक्तता मोजतं, म्हणजे साखळीतले दुहेरी बंध. सॅप व्हॅल्यूमध्ये सुटी आणि जोडलेली अशी दोन्ही मेदाम्लं आलेली असतात. त्यामुळे साबणाचा हिशेब करताना तिच्यात आम्लांक वरून मिळवायचा नाही. तो आधीच आत आहे. उलट सॅप व्हॅल्यूतून आम्लांक वजा केला की एस्टर मूल्य मिळतं.

तपासणी: समोरचा आकडा १७० ते २७० मधला असेल तर तो पोटॅशचा, मिलिग्रॅममध्ये. ०.१२ ते ०.१९ मधला दशांश असेल तर तो बहुधा कॉस्टिक सोड्याचा, एक ग्रॅम तेलाला लागणाऱ्या ग्रॅममध्ये. पण ०.१८ ते ०.१९ हा पट्टा फसवा आहे. खोबरेलाचा सोड्याचा आकडा ०.१८३ च्या आसपास आणि शेंगदाण्याचा पोटॅशचा ०.१९०. इथे तेलाचं नाव पाहिल्याशिवाय काहीच ठरवू नका.

टप्पा २: टायट्रेशनची तयारी

प्रॅक्टिकल बिघडतं ते ब्युरेटपाशी नाही, त्याच्या आधी. तयारीच्या चार गोष्टी आहेत.

अल्कोहोलिक पोटॅश आदल्या दिवशी करा. ०.५ नॉर्मल (नॉर्मलिटी म्हणजे द्रावणाची तीव्रता) द्रावणाला हिशेबाने लिटरला २८ ग्रॅम पोटॅश लागतं, पण बाजारातले पोटॅशचे पेलेट साधारण ८५ टक्के शुद्ध असतात, उरलेलं बहुतेक पाणी. म्हणून ३३ ग्रॅमच्या आसपास घ्या, थोड्या पाण्यात विरघळवा आणि अल्कोहोलने लिटर पूर्ण करा. रात्रभर ठेवून वरचं निवळ द्रावण काढून घ्या. द्रावण पिवळं-तपकिरी झालं असेल तर वापरू नका, त्या रंगात टायट्रेशनच्या शेवटी दर्शकाचा गुलाबी रंग नीट दिसत नाही.

टायट्रेशनला लागणाऱ्या हायड्रोक्लोरिक आम्लाची नॉर्मलिटी त्याच आठवड्यात तपासलेली हवी. बाटलीवर ०.५ लिहिलंय म्हणून ०.५ धरायचं नाही. ती खरी ०.४८ असेल आणि तुम्ही ०.५ धरलीत, तर १८३ चं शेंगदाणा तेल कागदावर जवळपास १९१ होतं. म्हणजे मर्यादेबाहेरचा नमुना बिनबोभाट पास.

तेल गाळलेलं आणि कोरडं हवं. घाण्यावरून आणलेल्या ताज्या तेलात गाळ आणि ओल असते. दोन्हींचं वजन तेलात धरलं जातं आणि आकडा खाली येतो.

नमुना किती घ्यायचा? शेंगदाणा, सरकी, तीळ यांचा २ ग्रॅमच्या आसपास, खोबरेलाचा दीड ग्रॅम. धोरण एवढंच की नमुन्याच्या टायट्रेशनला ब्लँकच्या (तेल न घालता केलेल्या टायट्रेशनच्या) साधारण निम्मं आम्ल लागलं पाहिजे. ‘आसपास’ हा शब्द मोजून घेण्यापुरता आहे. लिहायचं ते काट्यावर दिसलेलं अचूक वजन, २ नव्हे तर २.०५.

खबरदारी: अल्कोहोल आहे, उघडी ज्योत नको. वॉटर बाथ किंवा हीटिंग मँटल वापरा. कंडेन्सरचं पाणी सुरू झाल्याची खात्री करूनच उष्णता द्या. उन्हाळ्यात टाकीचं पाणी कोमट येतं आणि कंडेन्सर नीट काम करत नाही. तेव्हा सकाळची बॅच घ्या किंवा बादलीत बर्फ टाकून पाणी फिरवा.

टप्पा ३: टायट्रेशन आणि गणित

१. फ्लास्कमध्ये तेल तोलून घ्या. त्यात २५ मिली अल्कोहोलिक पोटॅश पिपेटने सोडा. हे द्रावण पिपेटच्या काचेला धरून राहतं आणि सावकाश उतरतं. नमुन्याला जितका वेळ पिपेट उभी धरलीत तितकाच वेळ ब्लँकलाही धरा, आणि पिपेटही तीच वापरा.

२. दुसऱ्या फ्लास्कमध्ये तेल न घेता फक्त २५ मिली पोटॅश घ्या. हा ब्लँक. दोन्ही फ्लास्क एकाच वेळी, तितकाच वेळ रिफ्लक्स करायचे, म्हणजे वर कंडेन्सर लावून वाफ परत फ्लास्कमध्येच पडेल असे उकळायचे. ब्लँक टेबलावर ठेवून फक्त नमुना उकळणारे दरवर्षी भेटतात. मग पोटॅशने हवेतला कार्बन डायऑक्साइड किती शोषला, काचेतून काय आलं, यांची वजाबाकी होतच नाही.

३. अर्धा ते एक तास रिफ्लक्स करा. घड्याळापेक्षा फ्लास्कवर विश्वास ठेवा. हलवल्यावर द्रावण एकसंध, पारदर्शक दिसलं आणि वर तेलाचे डोळे तरंगत नसले की झालं. डोळे दिसत असतील तर आणखी पंधरा मिनिटं.

४. कंडेन्सर आतून थोड्या अल्कोहोलने धुऊन ते फ्लास्कमध्येच येऊ द्या. फिनॉल्फ्थॅलीनचे (अल्कलीत गुलाबी होणारा दर्शक) थेंब टाका आणि गरम असतानाच आम्लाने टायट्रेट करा. थंड होऊ दिलंत तर साबण गोठू लागतो.

५. गणित: सॅप व्हॅल्यू = ५६.१ × नॉर्मलिटी × (ब्लँक − नमुना) ÷ तेलाचं वजन.

उदाहरण घेऊ. तेल २.०५ ग्रॅम, ब्लँक २४.८ मिली, नमुना १०.९ मिली, आम्ल ०.५ नॉर्मल. फरक १३.९. ५६.१ × ०.५ × १३.९ म्हणजे ३८९.९, भागिले २.०५. उत्तर १९०.२.

आता वजन २.०५ ऐवजी २ धरून पाहा, १९४.९ येतात. हाही आकडा शेंगदाण्याच्या मर्यादेत बसतो, परीक्षकही बरोबरची खूण करतो, आणि चूक तशीच पुढे जाते. मर्यादेत आलेलं उत्तर म्हणजे बरोबर उत्तर, हा समज सोडा. एकाच तेलाचे दोन नमुने घ्या. त्यांच्यात एक-दोन एककांपेक्षा जास्त फरक पडला तर तिसरा घ्या.

कच्चं सरकी तेल हा खानदेशातला खास अडथळा. ते इतकं गडद, लालसर-तपकिरी असतं की फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी त्यात बुडून जातो. अशा नमुन्याला अल्कली ब्लू ६बी किंवा थायमॉल ब्लू वापरतात. ते हाताशी नसेल तर नमुना कमी घ्या आणि द्रावण अल्कोहोलने पातळ करा.

भेसळीबद्दल एक स्पष्ट सांगायला हवं, कारण या आकड्याकडून लोक नको ती अपेक्षा करतात. शेंगदाणा तेलात सरकी मिसळली आहे का, हे सॅप व्हॅल्यूने कळत नाही. दोन्हींच्या मर्यादा एकमेकींवर चढलेल्या आहेत, हे वरच्या यादीतच दिसतं. सरकीसाठी हॅल्फेन चाचणी असते (खूप तापवलेल्या किंवा रिफाइंड सरकीत तीही फसू शकते) आणि तिळासाठी बॉडोइन चाचणी. सॅप व्हॅल्यू उपयोगी पडते ती खोबरेलात स्वस्त तेल मिसळलं असेल तेव्हा, कारण आकडा ठळक खाली येतो. खाद्यतेलात खनिज तेल घातलं असेल तरी तिचा उपयोग होतो. खनिज तेलाचा साबण होतच नाही, त्यामुळे जितकी भेसळ तितका आकडा खाली.

टप्पा ४: साबणासाठी कॉस्टिकचा हिशेब

इथून पुढे ताईंचं काम. कागद-पेन घ्या आणि हिशेब पूर्ण झाल्याशिवाय कॉस्टिकचा (इथून पुढे कॉस्टिक म्हणजे कॉस्टिक सोडा) डबा उघडू नका.

एक किलो तेलाचं उदाहरण: खोबरेल ४०० ग्रॅम, शेंगदाणा तेल ५०० ग्रॅम, एरंडेल १०० ग्रॅम. सॅप व्हॅल्यू अनुक्रमे २५७, १९१ आणि १८० धरू.

अ) प्रत्येक तेलाचं पोटॅश वेगळं काढा. ४०० × ०.२५७ = १०२.८. ५०० × ०.१९१ = ९५.५. १०० × ०.१८० = १८. बेरीज २१६.३ ग्रॅम.

आ) पोटॅशचं कॉस्टिक सोड्यात रूपांतर करा. पोटॅशचं रेणूभार ५६.१, सोड्याचं ४०. चाळीस भागिले ५६.१ म्हणजे ०.७१३. २१६.३ × ०.७१३ = १५४.२ ग्रॅम.

इ) पाच टक्के तेल मुद्दाम मोकळं ठेवा, म्हणजे साबण कोरडा आणि झोंबरा होत नाही. १५४.२ × ०.९५ = १४६.५ ग्रॅम.

ई) कॉस्टिकची शुद्धता लक्षात घ्या. पाकिटावर ९७ टक्के असेल तर १४६.५ ÷ ०.९७ = १५१ ग्रॅम.

उ) पाणी साधारण कॉस्टिकच्या दुप्पट, म्हणजे ३०० ग्रॅम. बोअरचं पाणी नको. त्यातला कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट, न विरघळणारा साका करतो. डिस्टिल्ड किंवा आरओचं पाणी घ्या.

पायरी ‘आ’ गाळली तर १५४ च्या जागी २१६ ग्रॅम कॉस्टिक सोडा पडतो, म्हणजे चाळीस टक्के जास्त. तो साबण अंगाला लावण्याच्या लायकीचा राहत नाही.

दुसरी चूक जास्त फसवी आहे: लिटर आणि किलो. एक लिटर तेलाच्या पिशवीवर नीट पाहा, वजन ९१० ग्रॅमच्या जवळपास छापलेलं असतं. एक लिटर म्हणजे एक किलो धरून कॉस्टिक घातलं तर जवळपास दहा टक्के जादा झालं, आणि तुम्ही मोकळं ठेवलेलं पाच टक्के तेल त्यातच संपलं. सुटं तेल किलोवर घेणाऱ्यांना हा त्रास नसतो. तरीही घरच्या काट्यावर पुन्हा तोला.

तिसरी चूक, खोबरेल महाग झालं म्हणून त्या जागी शेंगदाणा किंवा सरकी घालायची आणि कॉस्टिक तेवढंच ठेवायचं. वरच्याच उदाहरणात खोबरेल पूर्ण काढून ९०० ग्रॅम शेंगदाणा घेतलं तर खरी गरज १३५.४ ग्रॅम शुद्ध सोड्याची असते. पडलेला असतो १४६.५. अकरा ग्रॅम कॉस्टिक वडीत मोकळं राहिलं. तेल बदललं की हिशेब नव्याने, याला सूट नाही. शेंगदाण्याच्या जागी सरकी घेतलीत तर फरक किरकोळ पडतो, पण तोही कागदावर पाहूनच ठरवा.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्या मोहाच्या बियांचं तेल किंवा भजी तळून उरलेलं तेल वापरायचं असेल तर छापील आकड्यावर विसंबू नका. गाळून घ्या, शक्य असेल तर जवळच्या कॉलेजच्या रसायनशास्त्र विभागात सॅप व्हॅल्यू काढून घ्या. तेही नाही जमलं तर मोकळं तेल पाचऐवजी आठ टक्के ठेवा.

टप्पा ५: मिसळण्याचा क्रम

चष्मा, रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे. मुलं आणि कोंबड्या-मांजरं बाहेर. भांडं स्टीलचं किंवा जाड प्लास्टिकचं. जर्मनचं पातेलं अजिबात नको. जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, आणि कॉस्टिक त्याला खातं, वर हायड्रोजन वायू सुटतो तो पेट घेणारा.

आधी पाणी, मग त्यात कॉस्टिक थोडं थोडं. उलट कधीही नाही. कॉस्टिकवर पाणी ओतलं तर जागच्या जागी उकळी फुटून अंगावर उडतं. द्रावण चांगलंच तापतं आणि सुरुवातीला वाफ येते, म्हणून हे काम ओसरीवर किंवा खिडकीपाशी करा. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या घरात असतो, तेव्हा पाणी फ्रिजमधलं घ्या आणि काम पहाटे उरका.

तेल आणि द्रावण दोन्ही ४० अंशांच्या आसपास आले की द्रावण तेलात बारीक धारेने ओता, ढवळत राहा. मिश्रण दाटून पिठल्यासारखं झालं की साच्यात ओता. हे दाटणं म्हणजे साबणीकरण पूर्ण झालं असं नव्हे. त्या वेळी तेल आणि पाणी फक्त एकजीव झालेले असतात, खरी क्रिया पुढचा दिवसभर साच्यात चालते. म्हणून दाटलेल्या मिश्रणाला उघडा हात लावायचा नाही. उन्हाळ्यात साचा गोधडीत गुंडाळू नका, खोबरेल जास्त असलेलं मिश्रण तापून फुगतं आणि बाहेर येतं.

खबरदारी: अंगावर उडालं तर लगेच वाहत्या पाण्याखाली किमान पंधरा-वीस मिनिटं धरा. व्हिनेगर किंवा लिंबू चोळत बसू नका. डोळ्यात गेलं तर पाण्याने धूत धूतच दवाखान्यात निघा.

टप्पा ६: वडी तपासा, बिघडली तर सावरा

दुसऱ्या दिवशी कापा आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी, एकमेकींना न चिकटवता ठेवा. कापलेल्या ताज्या पृष्ठभागावर फिनॉल्फ्थॅलीनचा थेंब टाकून पाहा. साबण मुळातच अल्कलीधर्मी असल्याने फिकट गुलाबी रंग आला तर घाबरू नका. भडक किरमिजी आला, किंवा वडीत पांढरे ओलसर खिसे दिसले, तर कॉस्टिक मोकळं आहे. पक्की खात्री हवी असेल तर वडीचा किस उदासीन केलेल्या गरम अल्कोहोलमध्ये विरघळवून मग थेंब टाका. जिभेला लावून पाहण्याची पद्धत ऐकिवात असेल, ती करू नका.

मोकळं कॉस्टिक किती हे माहीत असेल तर सॅप व्हॅल्यू उलटी वापरून वडी सावरता येते. तेल बदलल्याच्या वरच्या उदाहरणात ११.१ ग्रॅम सोडा जास्त झाला होता. शेंगदाणा तेलाचा सोड्याचा आकडा ०.१९१ × ०.७१३ म्हणजे ०.१३६. ११.१ ÷ ०.१३६ = सुमारे ८२ ग्रॅम तेल फक्त तो सोडा संपवायला लागेल. वर पाच टक्के मोकळं तेल हवं, त्याचे आणखी ५६ ग्रॅम. एकूण १३८ ग्रॅम.

हातमोजे घालून वड्या किसा, स्टीलच्या पातेल्यात थोडं पाणी आणि तोललेलं तेल घालून मंद आचेवर ठेवा. गुठळ्या मोडून मिश्रण एकसारखं होईपर्यंत ढवळा. पुन्हा साच्यात दाबून भरा. नवी वडी पहिल्याइतकी गुळगुळीत दिसणार नाही, विकायला ठेवू नका, घरी वापरा. कापल्यावर फिनॉल्फ्थॅलीन पुन्हा लावायचं आणि आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरायची.